वीस वर्षांची पत्रं नव्या सर्व्हरवर: मेलमन २ वरून मेलमन ३ कडे, देवनागरीसकट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हद्दीपलीकडचं चंदगड इथल्या मराठी मंडळींचा आमचा ई-मेल गट २००४ पासून चालू आहे. महाराष्ट्र सरकारनं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला ते हेच वर्ष, त्यामुळं सुरुवातीच्या पत्रांत त्याची भरपूर चर्चा आहे. पुढं गावोगावची ग्रामीण साहित्य संमेलनं, मराठी शाळांचे पट, निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या, उसाचे दर असं सगळं त्यात साठत गेलं. ही पत्रं मेलमन २.१ या ई-मेल गट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच्या पायपरमेल या जुन्या वेब संग्रहात होती. ती मेलमन ३ आणि त्याच्या हायपरकिटी या वेब संग्रहावर नेली, त्या कामाच्या या नोंदी. मराठी पत्रांचा साठा हलवायचा असेल त्यांच्यासाठी लिहितोय, कारण इंग्रजी पत्रांवर चालणारी कृती देवनागरीवर जशीच्या तशी चालत नाही.

१५ जून २०२४

कामाला हात घालायचं कारण साधं आहे. मेलमन २.१ पायथन या संगणकभाषेच्या आवृत्ती २ वर चालतं आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. जुना सर्व्हर ज्या लिनक्सवर आहे त्याला सुरक्षेच्या सुधारणा येणं थांबलंय. भाड्याचा सर्व्हर देणाऱ्या कंपनीनं हे यंत्र बंद करत असल्याचं कळवलंय, म्हणजे मुदतही ठरलेली आहे.

पायपरमेलच्या तीन गोष्टी आम्हाला वर्षानुवर्षं छळत होत्या. त्यात शोध नाही. धागा, म्हणजे पत्र आणि त्याच्या उत्तरांची साखळी, महिन्याच्या हद्दीवर तुटतो: ३१ तारखेच्या पत्राला १ तारखेला आलेलं उत्तर दुसऱ्या महिन्याच्या पानावर एकटंच पडतं. आणि पत्रांना क्रमांकानं पत्ते दिलेले असतात, त्यामुळं एखादं पत्र काढून संग्रह पुन्हा बांधला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि दुवे भलतीकडं जातात. आमच्या दोन संमेलन स्मरणिकांत छापलेले काही दुवे असेच वाया गेले.

हायपरकिटीत पत्राचा पत्ता मेसेज-आयडीवरून (पत्राच्या शीर्षात असलेली त्याची स्वतःची ओळख) काढलेल्या ३२ अक्षरी खुणेचा असतो. साठा कितीही वेळा पुसून पुन्हा भरा, पत्ता तोच राहतो. माझ्या मते नव्या आवृत्तीतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. दिसणं-बिसणं नंतर.

खर्च: नवा भाड्याचा सर्व्हर, २ जीबी मेमरी, महिन्याला ७०० रुपयांच्या आसपास. तो वर्गणीतून निघतो. १ जीबीचं यंत्र स्वस्त होतं, पण ते का पुरत नाही हे खाली येईल.

१६ जून

आधी मूळ फायली गोळा केल्या. मेलमन २ प्रत्येक गटाची सगळी पत्रं एका एमबॉक्स फायलीत ठेवतं. हलवायची ती हीच फाईल. पायपरमेलची एचटीएमएल पानं हलवून उपयोग नाही, कारण जोडपत्रं त्यातून आधीच छाटलेली असतात.

आमच्याकडं एमबॉक्स दोन निघाल्या. २०११ साली सर्व्हर बदलला तेव्हा आधीची फाईल तिथं गेलीच नव्हती. ती निपाणीच्या सरांकडं सीडीवर होती. सीडीवर ओरखडे होते, तरी सरांच्या जुन्या संगणकाच्या ड्राइव्हनं ती शेवटपर्यंत वाचली. नव्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नसतो, म्हणून सरांनी तो संगणक ठेवला हे बरं झालं.

दोन्ही फायलींची शा-२५६ बेरीज (फाईल जराही बदलली की बदलणारी खूण) काढून लिहून ठेवली आणि मूळ फायली फक्त वाचता येतील अशा करून बाजूला ठेवल्या. इथून पुढं जे काही करायचं ते प्रतींवर.

२२ जून

डेटाबेस पोस्टग्रेस घेतला. मायएसक्यूएल घेणार असाल तर अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ च हवा. नुसत्या यूटीएफ८ मध्ये तीन बाइटांपर्यंतचीच अक्षरं मावतात. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही, आणि वाढदिवसाच्या एका केकपाशी आयात अडून बसते. पोस्टग्रेसमध्ये हा प्रश्न येत नाही.

आयातीच्या आधी हायपरकिटीची आवृत्ती तपासली. १.३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत एक गंभीर दोष होता (सुरक्षादोषांच्या यादीत सीव्हीई-२०२१-३३०३८): गट खासगी असला तरी आयात चालू असेपर्यंत त्याची पत्रं सगळ्या जगाला उघडी दिसत. आमचे दोन गट आहेत. एक सगळ्यांसाठी खुला, दुसरा कार्यकर्त्यांपुरता. दुसऱ्यात लोकांचे फोन, पत्ते, खटल्यांची बोलणी आहेत, आणि त्याची आयात तासन् तास चालणार. जुनं पॅकेज हाताशी आहे म्हणून तेच टाकणाऱ्यांनी इथं थांबावं. आम्ही पुढची आवृत्ती घेतली, आणि तरीही आयात पूर्ण होईपर्यंत वेब सर्व्हर बाहेरून बंदच ठेवला.

३० जून

पहिली आयात. २०११ नंतरची फाईल आधी घेतली, कारण ती हाताशी होती. पत्रं आत गेली, पण मोजदाद जुळेना. नव्या संग्रहात पत्रं जास्तच भरली! विषय नाही, पाठवणारा नाही, तारीख आजची, अशी अनाथ पत्रं मधे मधे दिसायला लागली.

कारण एमबॉक्सच्या रचनेत आहे. तिथं नवं पत्र कुठं सुरू होतं ते ओळीच्या सुरुवातीच्या ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दावरून आणि त्यानंतरच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. पत्राच्या मजकुरातच कुणी ओळ ‘फ्रॉम’नं सुरू केली तर तिच्यापुढं एक खूण घालून ती वेगळी ठेवायची असते. जुन्या सर्व्हरनं ती सगळीकडं घातलेली नव्हती. पुण्यातल्या एका सभासदांनी इंग्रजीत लिहिलेलं प्रवासवर्णन होतं, त्यात ‘फ्रॉम बेलगाम’, ‘फ्रॉम लोंढा’ असे परिच्छेद सुरू होत होते. त्या एका पत्राची पाच पत्रं झाली होती.

उपाय: मेलमनच्या लोकांनीच दिलेली क्लीनआर्च३ नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. खरी ‘फ्रॉम’ ओळ कुठली आणि मजकुरातली कुठली हे ती तारखेच्या मांडणीवरून ओळखते. ती आयातीच्या आधी चालवायची असते. डेटाबेस पुसला, फाईल साफ केली, पुन्हा आयात. एक रविवार गेला.

६ जुलै

आता सीडीवरची २००४ ते २०१० ची फाईल. आज्ञा दिली, क्षणात संपली, एकही पत्र आत नाही. चूक दाखवणारा संदेशही नाही.

बडबड वाढवून पुन्हा चालवली तेव्हा एक ओळ दिसली: अमुक तारखेनंतरचीच पत्रं घेतली जातील. आयातीची आज्ञा संग्रहातलं सगळ्यात ताजं पत्र बघते आणि त्याआधीची सगळी पत्रं ‘आधीच आलेली’ समजून सोडून देते. रोज नवी पत्रं थोडी थोडी भरणाऱ्याला हे सोयीचं. आमच्यासारख्या जुनी फाईल मागाहून आणणाऱ्याला मात्र नाही. ‘सिन्स’ हा पर्याय देऊन २००० सालातली तारीख घातली आणि सगळी पत्रं आत आली. सोपा मार्ग म्हणजे जुनी फाईल आधी, नवी नंतर.

खानापूर बाजूला पाऊस धरलाय. संध्याकाळी तिकडचे सभासद जोडलेले असतानाच लाईट गेली, तपासणी अर्धीच राहिली.

१४ जुलै

जुना सर्व्हर अजून चालूच होता, त्यामुळं मधल्या काळात आलेली पत्रं आणायची होती. पुन्हा शून्य. या खेपेला दाखवलेली तारीख बघून चक्रावलो: २०३६ नंतरचीच पत्रं घेतली जातील.

साठ्यात एक पत्र २०३६ सालचं होतं. संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी गेली की घड्याळ भरकटतं, आणि त्या यंत्रावरून गेलेल्या पत्रावर तीच तारीख बसते. १९७० आणि २००२ च्या तारखांची पत्रंही सापडली, पण त्यांनी फक्त क्रम बिघडवला होता. भविष्यातल्या त्या एका पत्रानं पुढची सगळी आयात अडवली होती.

अशा पत्रांची खरी तारीख ‘रिसीव्ह्ड’ ओळींत मिळते. त्या ओळी वाटेतल्या सर्व्हरांनी आपल्या घड्याळानं घातलेल्या असतात. आमच्या सर्व्हरनं घातलेली ओळ प्रमाण धरली आणि जिथं पत्राची तारीख तिच्यापासून दोन दिवसांपेक्षा जास्त लांब होती तिथं ती बदलली. मूळ तारीख वेगळ्या नावाच्या शीर्ष-ओळीत जपून ठेवली. मेसेज-आयडीला हात लावला नाही.

२१ जुलै

चार सभासदांना संग्रह बघायला दिला. धागे आता महिन्यांच्या हद्दी ओलांडून सलग दिसतात. २००६ मधली शाळांच्या पटाची चर्चा जून ते सप्टेंबर एका पानावर वाचता येते. पायपरमेलमध्ये ती चार तुकड्यांत होती आणि दोन मतं कुणाला उद्देशून आहेत हेच कळत नव्हतं. सगळे खूश.

मग खानापूरच्या वाचनालयातल्या काकांचा फोन आला. ‘‘आमच्या गावचं नाव लावून शोधलो की, कायच येइना झालंय. बाकी सगळं छान दिसतंय बघा.’’

मी शोधून बघितलं. ‘खानापूर’: एकही पत्र नाही. ‘निपाणी’: नाही. ‘चिकोडी’: नाही. ‘तंबाखू’: नाही. ‘ऊस’ आणि ‘हळद’ मात्र बरोबर सापडतात. ‘बेळगाव’ घातलं तर ढीगभर पत्रं येतात, पण त्यांत बेळगावचं नावही नसलेली, कुणाच्या तरी मूळगावाबद्दलची पत्रं मिसळलेली. ‘जत्रा’ शोधलं तर सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पाणीटंचाईची पत्रं पुढं येतात.

आधी वाटलं शोधाची अनुक्रमणिका अर्धवट बनलीय. ती पुसून रात्रभर पुन्हा बनवली. काही फरक नाही.

२८ जुलै

कारण सापडलं. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, कुठलाही देवनागरी साठा हलवणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही घेतलेल्या पॅकेजात शोधासाठी मुळात व्हूश हे इंजिन लावलेलं असतं. व्हूश मजकुराचे शब्द पाडताना पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातले नमुने ओळखायच्या नियमांवर) विसंबतं, आणि त्यात ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे फक्त अक्षर, अंक आणि अधोरेषा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत ही चिन्हं पायथनच्या या हिशेबात अक्षरं नाहीत. त्यामुळं प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो. त्यातून पडलेले एकेका अक्षराचे तुकडे पुढची चाळणी टाकून देते, कारण इंग्रजीत एका अक्षराच्या शब्दाला शोधात किंमत नसते.

आता ‘खानापूर’ बघा. ख, काना, न, काना, प, उकार, र. तुटून उरतं ख, न, प, र. चारही एकेकटे, चारही बाद. शोधायला काही उरतच नाही. ‘निपाणी’ आणि ‘तंबाखू’ची हीच गत. ‘ऊस’, ‘हळद’ यांत चिन्हच नाही म्हणून ते वाचले. ‘बेळगाव’मधून ब आणि व गळतात आणि उरतं ‘ळग’. ‘मूळगाव’मधूनही ‘ळग’च उरतं, म्हणून दोन्हींची सरमिसळ. ‘जत्रा’ हलंतापाशी तुटून ‘जत’ उरतो.

इंग्रजी शब्द टाकून चाचणी केली तर सगळं चोख चालतं, कुठंही चूक दिसत नाही. म्हणूनच हे इतकं उशिरा लक्षात येतं. ज्या भागात गावाच्या नावाच्या पाटीवरून माणसं उभी आयुष्यं झगडली, तिथल्या पत्रांच्या साठ्यात गावाचं नाव शोधून सापडू नये, हे मला फार लागलं. काका फोन करून सांगायचे राहिले असते तर तो शोध तसाच चालू राहिला असता.

उपाय पहिला: व्हूशचा शब्द पाडण्याचा नियम बदलून त्यात देवनागरीचा पट्टा घालणं. करून बघितलं, चालतं. पण तो बदल पॅकेजच्या आत करावा लागतो, पुढच्या अद्ययावतीकरणात पुसला जाणार. शिवाय मूळ व्हूशची शेवटची आवृत्ती २.७.४, ती २०१६ मधली. त्यावर वीस वर्षांचा साठा टांगून ठेवायला मन घेईना.

उपाय दुसरा: शोधाचं इंजिन बदलून झॅपियन लावणं. झॅपियन काना-मात्रा शब्दाचाच भाग धरतं. जोडाक्षरांत लपलेली शून्य रुंदीची चिन्हं सोडून देतं, त्यांच्यापाशी शब्द तोडत नाही. हायपरकिटीला ते चालतं. हेच ठरवलं.

३ ऑगस्ट

झॅपियन बसवणं सरळ नव्हतं. हायपरकिटी पायथनच्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवलेलं आहे. हायपरकिटी शोधासाठी हेस्टॅक हा सॉफ्टवेअरचा तुकडा वापरतं. त्याला झॅपियनशी जोडणारा दुवा पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणाऱ्या आज्ञेनं मिळतो, पण झॅपियनची स्वतःची पायथन जोडणी पिपवर नाही. ती लिनक्सच्या पॅकेजातून येते आणि कप्प्याच्या आतून दिसत नाही.

ती कप्प्याच्या आत बांधून काढायची स्क्रिप्ट दुव्यासोबत मिळते. आधी ती चाचणीसाठी ठेवलेल्या १ जीबीच्या यंत्रावर चालवली. संकलन (कंपाइल करणं) बराच वेळ चाललं आणि मेमरी संपून मेलं. स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) वाढवून पुन्हा, तरी मेलं. २ जीबीच्या यंत्रावर झालं असतं, पण पायथनची आवृत्ती बदलली की दर वेळी हेच करावं लागणार.

शेवटी कप्पा नव्यानं बनवला, यंत्रणेची पॅकेजं आतून दिसतील हा पर्याय देऊन. अट एकच: कप्पा लिनक्ससोबत आलेल्या पायथनचाच हवा, बाहेरून आणलेल्या वेगळ्या आवृत्तीचा नको. मग झॅपियन लगेच दिसलं.

सेटिंगच्या फायलीत इंजिन बदललं, अनुक्रमणिकेची जागा नवी दिली (जुन्या व्हूशच्या फोल्डरवर लिहू नका) आणि एकेका गटाची अनुक्रमणिका वेगळी बनवायची आज्ञा वापरली. दोन्ही गटांची एकदम बनवायला गेलं तर मेमरी पुन्हा काठावर येते.

रात्री ‘खानापूर’ घातलं. पहिलंच पत्र २००५ चं निघालं, खानापूरच्या मराठी शाळेच्या छपराच्या दुरुस्तीसाठी मदत मागणारं. काकांना लगेच फोन केला. ते त्या शाळेत शिकवायला होते.

११ ऑगस्ट

शोध चालला, तरी काही पत्रं निसटत होती. दोन कारणं.

एक, ‘शेतकऱ्यांना’. आता आपण यातला ऱ स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप करतो. २०१० च्या आधीच्या बऱ्याच पत्रांत तो र, हलंत आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह असा लिहिलेला आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अनुक्रमणिकेत ते दोन वेगळे शब्द. आमच्या साठ्यात शेतकऱ्यांची पत्रं भरपूर, त्यामुळं फरक मोठा. आयातीच्या प्रतीत जुनी जोडणी सगळीकडं नव्या ऱ मध्ये बदलली. ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ सगळे जुळले. नंतर यूनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरणही (तुटक लिहिलेली अक्षरं एकसंध करणं) चालवलं, कारण काही फोनवरून ऱ हा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा तुटून आला होता.

दोन, विभक्ती. झॅपियनकडं मराठी शब्दाचं मूळ काढायची सोय नाही. ‘बेळगाव’, ‘बेळगावात’, ‘बेळगावकर’ हे त्याला वेगळे शब्द. १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या पत्रांत सरकारी कागदांमुळं ‘बेळगावी’ही येतं. ‘खानापूर’ तर ‘खानापुरात’ होताना ऊकारच बदलतो. यावर पुढच्या नोंदीत.

१८ ऑगस्ट

गावागावांत साठ्याची पूर्ण प्रत असावी अशी मागणी सुरुवातीपासून होती. एका भाड्याच्या यंत्रावर सगळं ठेवण्याचा धोका आम्ही एकदा बघितलाच आहे. २००४ ते २०१० ची पत्रं एका सीडीवर तगली होती.

त्यासाठी खुल्या गटाची दुसरी प्रत पब्लिक-इनबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये बनवली. लिनक्स कर्नलच्या चर्चांचा लोअर हा मोठा साठा यावरच चालतो. यात पत्रं गिटच्या (फायलींच्या प्रती आणि बदल जपणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) साठ्यात राहतात, त्यामुळं कुणीही पूर्ण प्रत उतरवू शकतो आणि पुढं फक्त नवी पत्रं आणू शकतो. आमच्याकडं पावसाळ्यात नेट तासभर मिळालं तरी नशीब, तिथं याचा खरा उपयोग. पब्लिक-इनबॉक्सच्या १.७ आवृत्तीपासून प्रत घेण्यासाठी क्लोन आणि ताजी करण्यासाठी फेच अशा सोप्या आज्ञा आल्या आहेत. वाचनालयातल्या मुलाला गिट शिकवावं लागलं नाही. १.६ आवृत्तीपासून साठा आयमॅप या मेल वाचायच्या पद्धतीनं, वाचण्यापुरता, नेहमीच्या मेल प्रोग्रॅममध्येही जोडता येतो. ज्यांना वेब पानं नकोशी वाटतात ती वयस्क मंडळी तेच वापरताहेत.

शोधासाठी यातही झॅपियनच आहे, आणि शब्दाच्या शेवटी तारांकन चालतं. ‘बेळगाव’पुढं तारांकन घातलं की बेळगावात, बेळगावकर, बेळगावी सगळे एकदम येतात. खानापूरसाठी ‘खानाप’ लिहून तारांकन घालायचं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा अडसर राहत नाही. तारखेची मर्यादाही घालता येते: २००४ पुरतीच पत्रं हवी असतील तर तसं सांगता येतं. पानाच्या वरती हे मराठीत लिहून ठेवलंय, कारण असा शोध असतो हे कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

खासगी गट मात्र यात घातला नाही, आणि घालू नये असं माझं ठाम मत आहे. पत्र काढून टाकायची आज्ञा पब्लिक-इनबॉक्समध्ये आहे, पण ती तुमच्या प्रतीपुरती. खानापूर-निपाणीला उतरलेल्या प्रतींतून ते पत्र तुम्ही कसं काढणार? खुल्या गटातसुद्धा प्रत वाटण्याआधी फोन क्रमांक शोधून झाकले. त्याला पंधरवडा लागला, कारण लोकांनी आकडे देवनागरीत लिहिलेले, मधे मोकळी जागा सोडलेली, कुणी अक्षरांत लिहिलेले. दोन वहिनींनी बसून शेवटची चाळणी डोळ्यांनी केली. स्क्रिप्टला न दिसलेले पुष्कळ क्रमांक त्यांनी पकडले.

१ सप्टेंबर

जुने दुवे. पायपरमेलची एचटीएमएल पानं जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर त्याच पत्त्यावर ठेवली. ती स्थिर पानं आहेत, त्यांना मेलमन २ ची गरज नाही, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ती नुसती वाढून देतो. स्मरणिकांत छापलेल्यांपैकी जे दुवे अजून शाबूत होते ते शाबूतच राहिले. प्रत्येक पानाच्या माथ्यावर नव्या संग्रहाचा दुवा घातला.

इथं एक खबरदारी: खासगी गटाची जुनी पानं मेलमन २ आपल्या लॉगिनमागं ठेवायचं. नुसती पानं उचलून ठेवली तर ते कुलूप मागं राहतं. ती आम्ही आणलीच नाहीत.

१५ सप्टेंबर

राहिलेलं काम: यूनिकोडच्या आधीची पत्रं. २००४ ते २००८ मधली काही श्रीलिपीत आहेत, काही बरहात. दोन्ही आपापल्या फॉन्टांत मराठी टाइप करायची त्या काळची सॉफ्टवेअरं. बेळगावात बरहा बऱ्याच जणांकडं असायचं, कारण कन्नड आणि मराठी दोन्ही त्यात लिहिता येई. ही पत्रं प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा आहेत. तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसतं. काहींच्या शीर्षात अक्षरसंच ‘एक्स-यूजर-डिफाइन्ड’ लिहिलाय. पायथनला असा संच माहीत नाही, म्हणून तिथं नुसते ठोकळे उमटतात.

अक्षरास अक्षर बदलून हे सुटत नाही. या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, यूनिकोडमध्ये ती नंतर येते. ‘स्थिती’सारख्या शब्दात तर तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं. रफार उलट: ‘वर्ष’मध्ये तो ष च्या नंतर असतो, त्याला ष च्या आधी आणावं लागतं. दोन्ही एकाच अक्षरावर आले की, ‘आर्थिक’सारख्या शब्दात, क्रम चुकला तर शब्द ओळखू येत नाही. आधी वेलांटी हलवायची, मग रफार. हा क्रम आमच्या बीआरएच देवनागरी या बरहाच्या फॉन्टसाठी केलेल्या तक्त्यात पक्का झालाय.

बदललेला मजकूर मूळ मजकुराच्या जागी ठेवला नाही. त्याच पत्रात दुसरा भाग म्हणून जोडतोय, म्हणजे तक्त्यात काही चुकलं असेल तर मूळ समोर राहील.

अशी पत्रं पुन्हा भरताना लक्षात ठेवायचं: हायपरकिटी मेसेज-आयडी आधीच असलेलं पत्र दुसऱ्यांदा घेत नाही, गुपचूप सोडतं. त्यामुळं दुरुस्त फाईल नुसती आयात करून चालत नाही. हायपरकिटीतून गटाचा साठा पुसायचा, पूर्ण फाईल भरायची, मग अनुक्रमणिका. पत्ते मेसेज-आयडीवरूनच बनतात म्हणून दुवे बदलत नाहीत. श्रीलिपीचा तक्ता चिकोडीचे सर तपासताहेत. त्यांच्याकडं त्या काळचा फॉन्ट आणि त्यात छापलेली पत्रकं दोन्ही आहेत, ती समोर ठेवून एकेक जोडाक्षर जुळवणं चाललंय. तक्ता हाती आला की दोन्ही फॉन्टांची पत्रं एकाच आयातीत घालू.